सत्तरीच्या आईवडिलांसाठी कोणतं कार्ड? वय वंदना, फुले योजना, सीजीएचएस आणि मेडिक्लेम

२९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारत या केंद्राच्या मोफत उपचार योजनेतलं, ज्येष्ठांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं, आणि तेव्हापासून घरोघरी एक प्रश्न विचारला जातोय: आईबाबांचा मेडिक्लेम आता भरायचा की सोडून द्यायचा? हप्ता दरवर्षी वाढतोय आणि इकडे सरकार पाच लाख फुकट देतंय म्हणतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्ड जरूर काढा, पण ते हातात आलं म्हणून दुसरं काही लगेच सोडू नका.

वय वंदनाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे उत्पन्नाची अट नाही. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, मग रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, हप्ता नाही, आणि जुना मधुमेह किंवा हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं. खासगी विम्यात या वयाला अशी सवलत मिळणं अवघडच.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. घरात नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. आणि आजोबा ७४ चे, आजी ६७ च्या असतील तर आजींना हे कार्ड मिळत नाही. नवऱ्याच्या कार्डावर बायको आपोआप येत नाही. वय फक्त आधारवरून धरतात. १ जून ही त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची मास्तरांनी शाळेत लावलेली जन्मतारीख. तिच्यातही साल चुकलं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग कार्डाच्या मागे लागा. शेतात किंवा धुण्याभांड्यांत झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, तेव्हा हात हलवत परत येऊ नका. ओटीपी किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. फक्त ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो पुण्यातल्या मुलाच्या खिशात नसावा.

मग त्या ६७ वर्षांच्या आजींचं काय? त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. बरीच वर्षं ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू झाली आणि रक्कम ५ लाखांवर गेली. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या अनेकांच्या डोक्यात अजून जुनाच नियम बसलाय: 'आपलं पांढरं कार्ड, आपल्याला काही मिळत नाही.' मिळतं. वयाची अट नाही, रेशनकार्डावर नाव मात्र हवं. मुलाकडे राहायला गेल्यावर जुन्या कार्डातलं नाव कमी केलं आणि नव्यात चढवलंच नाही, अशी माणसं अधांतरी राहतात. हे काम आजारी पडायच्या आधी उरकून घ्या.

दोन्ही योजना शेजारी ठेवल्या तर खरे फरक दोन आहेत. फुले योजनेतले ५ लाख रेशनकार्डावरच्या सगळ्या कुटुंबाचे असतात. सुनेच्या किंवा नातवाच्या मोठ्या ऑपरेशनला त्यातले चार गेले तर उरलेल्यात सगळ्यांनी भागवायचं. वय वंदनाचे ५ लाख सत्तरीपुढच्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यांना धाकट्यांचा हात लागत नाही. दुसरं, फुले योजना मुख्यतः महाराष्ट्रातल्या रुग्णालयांची. वर्षातले सहा महिने मुलीकडे अहमदाबादला किंवा हैदराबादला राहणाऱ्यांना वय वंदनाच उपयोगी, कारण आयुष्मान भारत योजनेतल्या रुग्णालयांत ते राज्याबाहेरही चालतं. सत्तरी ओलांडलेल्यांनी दोन्हींची कागदपत्रं तयार ठेवावीत हे उत्तम.

आता दोन्हींत जे बसत नाही ते बघू, कारण म्हातारपणी पैसा खरा तिथंच जातो. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, डॉक्टरची फी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांपैकी कशालाही ही कार्डं चालत नाहीत. वय वंदनात दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात, बाकी नाही. खोली जनरल वॉर्डाची. आणि आधी बिल भरून नंतर परतावा मागू, हा हिशेब इथं चालत नाही. दाखल होतानाच योजनेत नोंद व्हायला हवी. रात्री धावपळीत कागद जवळ नसले तरी काउंटरवर 'योजनेत घ्यायचंय' हे सांगायला विसरू नका.

म्हणून निर्णय योजनेच्या नावावर करू नका, जवळच्या रुग्णालयावर करा. दारावर योजनेचा बोर्ड आहे याचा अर्थ तिथं सगळेच विभाग योजनेत आहेत असा होत नाही. हाडांचा विभाग असतो, हृदयाचा नसतो. फुले योजनेत काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. एखाद्या दुपारी, कुणी आजारी नसताना, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदत कक्षातल्या माणसाला, गाठा आणि विचारा: अँजिओप्लास्टी इथं योजनेत होते का, गुडघ्याचं ऑपरेशन होतं का, आणि वरून काही पैसे पडतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच असायला हवं. 'चांगल्या इम्प्लांटचा फरक तेवढा भरा' असं कुणी म्हणालं तर आयुष्मानसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत. फोन करतोय असं समोरच सांगून फोन लावा.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा प्रश्न वेगळा आहे. सीजीएचएस (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असणाऱ्यांना वय वंदना हवं असेल तर दोहोंतलं एकच निवडावं लागतं. इथं मला काडीचाही संशय नाही: जुनं सोडू नका. सीजीएचएसमध्ये रोजची औषधं वेलनेस सेंटरमधून, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातून, मिळतात, म्हणजे वर म्हटलेली खिंडारंच ती बुजवते. ५ लाखांची भिंत नाही, आणि पगाराच्या श्रेणीप्रमाणे वॉर्डही बरा मिळतो. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की कार्ड आयुष्यभराचं होतं. अडचण एकच, अंतराची. मुंबई, पुणे, नागपूर इथं ठीक आहे. गडचिरोलीत किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्याला गोळ्यांसाठी कोण एवढ्या चकरा मारणार?

कारखान्यात आयुष्य काढलेल्यांनी ईएसआयकडे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेकडे, एकदा नजर टाकावी. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वर्षाला फक्त १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हे फार थोड्यांना माहीत असतं. रांगा लांब असतात, कबूल, पण बाह्यरुग्ण विभाग आणि औषधं मिळतात. आणि ईएसआय असताना वय वंदना घेता येतं, तिथं एकच निवडण्याची सक्ती नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडक्यात: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख असं संरक्षण आहे. कार्ड चालू आहे ना, तेवढं तपासा आणि सत्तरीनंतर वय वंदना जोडीला घ्या.

उरला मेडिक्लेम. खासगी पॉलिसी आणि वय वंदना दोन्ही ठेवता येतात, त्यामुळे 'हे की ते' असा पेच कागदावर तरी नाही. पेच हप्त्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. शिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी बोलावं लागतं. तरीही पेन्शनवर तो जड जातो, हे खरंच. तुमचा नेहमीचा डॉक्टर ज्या रुग्णालयात जातो ते योजनेत नसेल, किंवा वेगळी खोली हवीच असेल, तर झेपेल तोवर पॉलिसी चालू ठेवा. झेपत नसेल तर आधी विम्याची रक्कम कमी करून मागा, कंपनी बदलता येते का बघा. एकदा बंद पडली की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आणि ज्यांची पॉलिसी नाहीच, त्या ज्येष्ठांनी औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात: जुन्या करप्रणालीत कलम ८०डी खाली ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते, फक्त पैसे रोखीने दिलेले नसावेत.