‘बरी’ वस्तू आणि ‘नवीनसारखी’ वस्तू : जुन्या सामानाच्या ॲपवर आठ महिने

काल लॅपटॉप पुन्हा बंद पडला. मुलीचा फॉर्म शेवटच्या पानावर होता, फोटो आणि सही अपलोड झालेली, आणि लाइट गेली. बॅटरी ३१ टक्के दाखवत होती. मिनिटभरात स्क्रीन काळी. जळगावात उन्हाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नाही, पण लॅपटॉपला बॅटरी असते ती त्याच्यासाठीच ना? मुलगी काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. म्हणून आज हे लिहायला बसलो.

ॲपचं नाव घेत नाही. जुनं सामान विकायचं-घ्यायचं ॲप, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतं. फोटो टाका, किंमत टाका, फोन यायला लागतात. चॅट बरं आहे, नकाशा बरा आहे, जाहिराती जरा जास्त आहेत. त्यावर मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते एकाच खान्याबद्दल : ‘वस्तूची अवस्था’. त्यात चार पर्याय : नवीन, नवीनसारखी, चांगली, बरी.

दिवाळीनंतर लॅपटॉप शोधायला घेतला तेव्हा मी शहाण्यासारखा ‘नवीनसारखी’ हा फिल्टर लावला. भुसावळचा एक लॅपटॉप वर आला. सांगितले १८,०००, सौदा १६,५०० वर तुटला. स्क्रीन चकचकीत, एक ओरखडा नाही, खोकंसुद्धा जपून ठेवलेलं. खोकं बघून आपला मराठी माणूस विरघळतोच. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी भाच्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ अशी आज्ञा टाइप केली. विंडोजमध्ये ती असतेच, फुकट. रिपोर्टमध्ये दोन आकडे आले : बनवताना क्षमता ४१,०४० मिलीवॅट-अवर, आता पूर्ण चार्ज होते ती १७,६००. म्हणजे ४३ टक्के. वरून नवीनसारखा, आतून निम्म्यालाही कमी.

विकणारा खोटं बोलला का? मला नाही वाटत. त्याला बॅटरी दिसत नव्हती, ओरखडे दिसत होते. त्याने दिसलं ते लिहिलं.

कस्टमर केअरशी मात्र मी चार दिवस भांडलो. शेवटी उत्तर आलं की अवस्था हे विक्रेत्याचं वैयक्तिक मत आहे, कंपनी त्याची खात्री देत नाही. ठीक. पण मत असेल तर त्यावर फिल्टर कशाला लावता? वजनाला काटा असतो, किमतीला आकडा असतो, त्यावर गाळून द्या. मताला गाळून माझ्यापर्यंत येतं ते ज्याचं स्वतःबद्दलचं मत सगळ्यात उंच आहे त्याचं सामान.

नवी बॅटरी २,६०० ची. ती घालायची नाही असं मी हट्टाने ठरवलं, आणि त्या हट्टाचं फळ काल मुलीने भोगलं. ही माझी चूक, ॲपच्या खात्यात टाकत नाही.

आता कूलरची गोष्ट. मार्च संपता संपता आमच्याकडे कूलर ही चैन राहत नाही, पुढे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. जुना कूलर गळायला लागला होता. मी ‘कूलर’ टाइप केलं, जळगाव आणि आसपास, कोणताही फिल्टर न लावता. ६४ जाहिराती. मग गंमत म्हणून अवस्थेचे चारही पर्याय टिक केले. चारही टिक केले म्हणजे सगळंच दिसायला हवं ना? आल्या ४१. बाकीच्या २३ लोकांनी तो खाना रिकामा सोडलेला. रिकामा म्हणजे ॲपच्या लेखी ती वस्तू कुठल्याच अवस्थेत नाही. फिल्टरला हात लावला की ती गायब. (ऱ्हस्व ‘कुलर’ लिहिलं तर आणखी वेगळेच नऊ येतात, पण तो स्वतंत्र रडगाण्याचा विषय आहे.)

शब्दांनी शोधायला गेलं तर वेगळाच घोळ. ‘नवीन’ टाइप केलं की ‘नवीन मोटर टाकलेला जुना कूलर’ वर येतो, कारण त्यात ‘नवीन’ हा शब्द आहे. ‘खराब’ शोधलं की ‘काहीही खराब नाही’ असं लिहिलेल्या वस्तू येतात. गोलाणी मार्केटमध्ये माझा एक मित्र मोबाइल दुरुस्त करतो. त्याला मुद्दाम फुटक्या स्क्रीनचे फोन हवे असतात, आतला बोर्ड आणि कॅमेरा काढायला. त्याच्यासाठी ॲपमध्ये खानाच नाही. ईबेवर ‘सुट्या भागांसाठी किंवा बंद’ अशी वेगळी अवस्था कधीपासून आहे. स्कीमा डॉट ऑर्ग या वेबसाइटवर सर्च इंजिनांना वस्तूची अवस्था कळवायची जी ठरलेली नावं आहेत, ती चारच : नवी, वापरलेली, दुरुस्त करून विकायला काढलेली आणि बिघडलेली. चारच, पण त्यात बिघडलेलीला जागा आहे. आमच्या ॲपवर मात्र काहीच बिघडत नाही. कमीत कमी ‘बरी’ तरी असतेच.

त्या २३ रिकाम्या खान्यांच्याही खाली, अगदी तळाला, एक कूलर दिसला. पारोळ्याचा. अवस्था : बरी. अख्ख्या यादीत ‘बरी’ लावलेला तो एकटाच. खाली अहिराणीत लिहिलेलं : “पत्रा खालून सडेल शे. पंप नवा टाकेल शे. मोटर आवाज करस, पन हवा जोरमां.” किंमत २,२००.

मी फोन केला. सत्तरीतले एक बाबा होते. म्हणाले, येऊन पाहा, नाही पटला तर चहा पिऊन जा. ओळखीचा छोटा हत्ती पारोळ्याहून रिकामा परत येत होता, त्याला ३०० दिले. कूलर आला तो लिहिल्याबरहुकूम : पत्रा सडलेला, पंप नवा, मोटरचा आवाज, हवा जोरात. एकही गोष्ट जास्त नाही, एकही कमी नाही. खाली पत्र्याचा तुकडा मारून घेतला, १५० रुपये. एकूण २,६५०. दोन्ही खोल्या गार. लॅपटॉपच्या नव्या बॅटरीच्या पैशात अख्खा उन्हाळा निघाला हे मी घरात दिवसातून एकदा तरी सांगतो, आता कोणी ऐकत नाही.

केळीवाल्यांकडून या ॲपवाल्यांनी शिकावं. रावेर-यावलकडे केळीचे भाव निघतात ते नवती, पिलबाग, वापसी अशा नावांनी. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे पहिल्या कापणीनंतर पिलावर, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेल्या कोंबावर घेतलेला, वापसी म्हणजे निवडून मागे राहिलेला हलका माल. यात ‘नवतीसारखी’ असं काही नसतं. बाग कोणती, कितवी कापणी, त्यावरून नाव पडतं. शेतकऱ्याला माल किती आवडतो ते कोणी विचारत नाही. तसं लॅपटॉपवाल्याला एवढंच विचारा : कोणत्या साली घेतला, बॅटरी किती वेळ चालते, उघडून दुरुस्त केलाय का. ‘कसा आहे’ हे विचारूच नका.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहून गेलं. मधल्या पंधरा दिवसांत ॲपचा अपडेट आला आणि मला माझे काही शब्द गिळावे लागतायत. आता वस्तू टाकताना खरंच प्रश्न विचारतात, वस्तूप्रमाणे वेगवेगळे. लॅपटॉपला बॅटरी किती चालते, कुठलं बटण अडतं का, बिल आहे का. कूलरला पंप चालू आहे का, कुठे गळतो का. उत्तरं फोटोखाली छोट्या पट्ट्यांत दिसतात आणि त्यांवर फिल्टरही लागतो. ‘बॅटरी २ तासांहून जास्त’ असं गाळता येतं. हे आठ महिन्यांपूर्वी असतं तर माझे पैसे वाचले असते. शाबास.

पण त्याच अपडेटमध्ये त्यांनी ‘बरी’ काढून टाकली. कारण सरळ असावं, ती कोणी निवडतच नव्हतं. जुन्या ‘बरी’वाल्या जाहिराती आपोआप ‘चांगली’मध्ये ढकलल्या. म्हणजे ज्या मोजक्या माणसांनी खरं सांगितलं होतं, त्यांचं खरं कंपनीने परस्पर दुरुस्त केलं. पारोळ्याच्या बाबांसारख्या माणसाला शोधायची माझी एकमेव खूण गेली. मी ठरवलं होतं की इथून पुढे फक्त ‘बरी’ लावूनच शोधायचं. बाकी काही न तपासता.

आता स्वतःचंही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल फार साधू आहे. जानेवारीत मी घरचा मिक्सर विकला. ‘नवीनसारखी’ लावलं. चटणीच्या भांड्याचं पातं डगमगतं हे मला माहीत होतं. पण बोट ‘बरी’वर गेलंच नाही, ‘चांगली’वरही थांबलं नाही. वर सगळे ‘नवीनसारखी’ लावून बसलेत, मी एकटा ‘बरी’ लावली तर फोन कोण करणार? तिसऱ्या दिवशी वरणगावहून घेणाऱ्याचा फोन आला. मी उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला आणि पात्याचे दीडशे रुपये परत पाठवले.

स्टार : पाचपैकी तीन. लॅपटॉपनंतर एक द्यायचं ठरलं होतं, कूलरनंतर चार, ‘बरी’ गेल्यावर तीन. लॅपटॉपची बॅटरी आज सकाळी बदलली. २,६०० च सांगत होते, २,४५० ला दिली.

परवा पारोळ्याच्या बाबांचा फोन आला होता. त्यांना उभा पंखा विकायचाय, ॲप अपडेट झाल्यापासून जमत नाही. “भाऊ, त्यामां ‘बरी’ दखातच नही. काय लावू?” मी म्हटलं, चांगली लावा बाबा, खाली काय आहे ते सगळं लिहा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग ते खोटं व्हई ना!”

पंखा अजून ॲपवर आलेला नाही.