लंडन मिथ्रियम: ऑफिसांच्या बिल्डिंगखालचं रोमन मंदिर, फुकट आहे पण नक्की वेळ काढून बघा

लंडनला येणारे आपले लोक टॉवर ब्रिज, लंडन आय, म्युझियम वगैरे करून जातात आणि बँक स्टेशनच्या अगदी शेजारी जमिनीखाली जवळजवळ 1800 वर्षांपूर्वीचं मिथ्रास या देवाचं रोमन मंदिर (म्हणजेच मिथ्रियम) आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितेय. वॉलब्रुक नावाच्या रस्त्यावर ब्लूमबर्गची मोठी ऑफिस बिल्डिंग आहे, तिच्याच पोटात हे आहे. तिकीट नाही, फक्त ऑनलाइन स्लॉट बुक करून गेलेलं बरं. सोमवारी बंद असतं.

आत गेल्यावर सगळे सरळ खाली मंदिराकडे पळतात. तसं करू नका प्लीज. वरच्या मजल्यावर काचेमागे एक अख्खी भिंत भरून वस्तू लावल्यात, या बिल्डिंगचा पाया खणताना सापडलेल्या, साधारण 600 तरी असतील. चामड्याचे बूट, भांडी, नाणी, ग्लॅडिएटरच्या हेल्मेटच्या आकाराचा अंबरचा (झाडाच्या डिंकाचा दगड होतो तो) छोटासा ताईत. इथून पूर्वी वॉलब्रुक नावाचा ओढा वाहायचा आणि त्याच्या ओल्या चिखलात हवा पोचलीच नाही, म्हणून लाकूड आणि चामडं इतकी शतकं कुजलं नाही. माझ्यासाठी सगळ्यात भारी म्हणजे लाकडी पाट्या. त्यांच्यावर मेण लावून टोकदार लेखणीने लिहायचे, मेण कधीच गेलं पण लेखणीचे ओरखडे लाकडात उतरलेत आणि ते तज्ज्ञांनी वाचून काढलेत. एका पाटीवर चक्क तारीख आहे, 8 जानेवारी इ.स. 57, आणि मजकूर काय तर टिबुलस नावाचा माणूस, आधी गुलाम होता आणि नंतर मुक्त झालेला, तो लिहून देतोय की घेतलेल्या मालाचे 105 डिनारी (रोमन चांदीची नाणी) मी ग्रेटसला देणं लागतो. म्हणजे ज्या भागात आज जगभरच्या बँका बसल्यात तिथेच त्या काळातली उधारीची चिठ्ठी! पुढे तीन-चार वर्षांत बूडिका राणीने रोमनांविरुद्ध केलेल्या बंडात हे गाव जळून खाक झालं, आणि लगेच 62 सालच्या दुसऱ्या एका पाटीत व्हेरुलेमियमहून (आजचं सेंट ऑल्बन्स) लंडनला मालाच्या 20 खेपा आणायचा करार आहे. इतक्या लवकर व्यापार परत उभा राहिला, हे वाचून मी तिथेच कितीतरी वेळ उभी होते.

मग खाली उतरायचं, रस्त्यापासून साधारण सात मीटर, लिफ्ट पण आहे. मधल्या मजल्यावर मिथ्रास या देवाची माहिती ऐकता येते. फक्त पुरुषांचा पंथ, त्यात सैनिक, व्यापारी, आणि दीक्षेच्या सात पायऱ्या. एरवी रोमन देवळं उंच जोत्यावर आणि मोठ्या खांबांची, पण याचं मंदिर मात्र आपल्या लेण्यासारखं अंधारं ठेवायचे, कारण देवाने बैल मारला तो गुहेत अशी कथा.

मंदिर साधारण 240 सालचं. उरलंय ते म्हणजे भिंतींचे खालचे थर, पण मांडणी इतकी विचार करून केलीय की बस. आधी अंधार, लॅटिन मंत्रांचा आवाज, आणि धुक्यात सोडलेल्या प्रकाशातून भिंती आणि खांब उभे राहिल्याचा भास होतो. खोटी दगडी भिंत बांधून ठेवली नाही हे मला फार आवडलं, खरं काय आणि आपण कल्पना करतोय ते काय हे दोन्ही वेगळं कळतं. नंतर लाइट लागतात, तेव्हा घाई न करता दगड-विटा नीट बघा. अगदी लहान मुलं अंधाराला आणि आवाजाला घाबरू शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

याची मागची गोष्ट पण माहीत असावी. दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या जागेवर 1954 मध्ये नवीन ऑफिस बांधायच्या आधी पुरातत्त्वज्ञ ग्राइम्स यांनी इथे उत्खनन केलं, मिथ्रासचं संगमरवरी डोकं सापडलं आणि बातमी फुटल्यावर लोकांनी बघायला रांगाच रांगा लावल्या. मंदिर पाडू नका अशी मागणी झाली, विषय थेट चर्चिलच्या कॅबिनेटपर्यंत गेला. शेवटी दगड हलवून 1962 मध्ये जवळच क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर उघड्यावर सिमेंटमध्ये उभं केलं, ते ग्राइम्सना स्वतःलाच पटलं नव्हतं. 2017 मध्ये ते जवळपास मूळ जागी, मूळ पातळीवर परत आलं. माझ्या मते सामान्य लोकांनी तेव्हा आग्रह धरला नसता तर आज आपल्याला इथे बघायला काहीच नसतं.

मूळ संगमरवरी डोकं मात्र इथे नाही, ते लंडन म्युझियमच्या संग्रहात आहे, इथे प्रतिकृती बघायला मिळते. सगळं मिळून एक तास धरा, पाट्या वाचत बसलात तर जास्त. आणि बाहेर पडल्यावर समोरच आर्किटेक्ट ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्च आहे, उघडं असेल तर त्याचा घुमट आतून नक्की बघून घ्या.