दुसरा ससा घरी आणताना: टप्प्याटप्प्याची ओळख की सलग सहवास?

आपण घरी पाळतो तो ससा युरोपातील रानसशाचा वंशज आहे. हा रानससा जमिनीखालच्या बिळांत गटाने राहतो आणि गटाची हद्द जिवापाड राखतो. त्यामुळे सोबतीची गरज आणि परक्याचा राग, या दोन्ही गोष्टी पाळीव सशातही एकाच वेळी आढळतात. दुसरा ससा आणून थेट पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडला, तर पहिल्याच्या दृष्टीने तो घुसखोर ठरतो आणि काही क्षणांत रक्त निघेपर्यंत मारामारी होऊ शकते. ही ओळख करून देण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत दोघांना शेजारी-शेजारी वेगळे ठेवून रोज थोडा वेळ भेटवतात, तर दुसरीत दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी एकदाच एकत्र आणून, जुळेपर्यंत वेगळे करत नाहीत.

कोणतीही पद्धत निवडली तरी निर्बीजीकरणाला पर्याय नाही. शस्त्रक्रियेनंतरही नराची प्रजननक्षमता साधारण चार ते सहा आठवडे टिकून राहते आणि संप्रेरकांचा जोर ओसरायलाही तेवढाच काळ लागतो, म्हणून ओळखीचा कार्यक्रम त्यानंतरच आखावा. निर्बीजीकरण झालेले नर आणि मादी ही जोडी सहसा सर्वांत लवकर जमते. दोन नर किंवा दोन माद्या जमतच नाहीत असे नाही, पण तिथे जास्त चिकाटी लागते. दुकानदार ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे छातीठोकपणे सांगतो, तेव्हा पशुवैद्याकडून खात्री करून घेणे शहाणपणाचे, कारण लहान पिल्लांचे लिंग ओळखण्यात चूक सहज होते. सशाचा गर्भकाळ अवघा 31 दिवसांच्या आसपास असतो आणि व्यायल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हे लक्षात घेतले की या खात्रीचे मोल कळते.

टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत दोन कुंपणे शेजारी लावतात, मात्र त्यांच्यामध्ये किमान चार बोटांचे अंतर राखावे लागते, नाहीतर जाळीतून नाकाला किंवा पंजाला चावा बसतो. रोज एकाची शौचाची पेटी आणि अंथरूण दुसऱ्याकडे द्यायचे, म्हणजे परका वास हळूहळू घरचा होतो. कोथिंबिरीची जुडी दोन्ही बाजूंनी जाळीलगत ठेवली आणि दोघे एकमेकांकडे न पाहता निवांत खाऊ लागले, की प्रत्यक्ष भेटींना सुरुवात करता येते. या पद्धतीला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. नोकरी करणाऱ्यांना ती झेपते, कारण रोजची दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पण दोन कुंपणांची जागा एवढे दिवस अडून राहते, आणि लहान फ्लॅटमध्ये हीच खरी अडचण ठरते.

सलग सहवासाची पद्धत दोन-तीन दिवसांत निकाल देऊ शकते, मात्र त्या काळात कोणीतरी रात्रीसुद्धा जवळ बसून असावे लागते. पहिला ससा ज्या खोलीत कधीच गेलेला नाही अशी खोली दोन बेडरूमच्या घरात सापडणे कठीण असते, त्यामुळे अनेकांना स्नानगृह किंवा शेजाऱ्यांची खोली वापरावी लागते. गुळगुळीत फरशीवर ससा घसरतो आणि बिथरतो, म्हणून खाली सतरंजी हवीच. लपण्यासाठी ठेवलेल्या खोक्यालाही दोन तोंडे असावीत, म्हणजे कोणी कोंडीत सापडणार नाही.

या पद्धतीत माणसाची नजर तयार असणे फार महत्त्वाचे आहे. एकाने दुसऱ्यावर चढणे, थोडा पाठलाग करणे, तोंडात केसांचा एखादा झुपका येणे, हे वर्चस्व ठरवण्याचे नेहमीचे प्रकार असून ते लगेच थांबवू नयेत. पण चढणारा डोक्याच्या बाजूने चढला, तर खालच्याचे दात थेट त्याच्या गुप्तांगापाशी येतात, म्हणून त्याला ताबडतोब बाजूला करावे. कान मागे चपटे, शेपटी ताठ आणि दोघेही एकमेकांभोवती गरगर फिरू लागले, तर पुढची पायरी मारामारीची असते. अशा वेळी मध्ये हात न घालता केराची सुपली किंवा जाड पुठ्ठा घालावा. दोघेही डोके खाली घालून ‘आधी तू चाट’ म्हणून अडून बसतात, ते मात्र शुभलक्षण समजावे, मग ते कितीही हटवादी दिसो.

माझ्या मते पहिल्यांदाच जोडी जमवणाऱ्याने टप्प्याटप्प्याची पद्धत निवडावी, कारण तिथे चुकीचा अंदाज दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. सलग पद्धत अनुभवी माणसाला, मोकळ्या जागेला आणि सलग सुट्टीला शोभते; विदर्भातल्या मे महिन्यात तर ती टाळावीच, कारण तिशीच्या वर पारा गेला की सशाला उष्माघाताचा धोका असतो आणि पाठलागाने तो वाढतो. वयस्कर किंवा आजारी सशावरही ती लादू नये. दोन्ही पद्धतींत खाण्याकडे बारीक लक्ष हवे: ताणाखाली सशाचे आतडे मंदावते, आणि दहा-बारा तास त्याने गवताला तोंड लावले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर ओळख बाजूला ठेवून त्याला थेट पशुवैद्याकडे न्यावे.