अरबी घोड्यांची जनुकीय चाचणी: पैदाशीचा एक हंगाम वापरल्यानंतर

चाचणी भरवशाची आहे. घोळ होतो तो बहुतेक वेळा तबेल्यातच, नमुना घेताना, म्हणून आधी त्याबद्दल.

केस कापायचे नाहीत, उपटायचे. डीएनए मिळतो तो मुळाशी असलेल्या बारीक पांढरट गाठीतून. आयाळीचे किंवा शेपटीचे 20 ते 30 केस लागतात. एका वेळी पाच-सहा केस कातडीजवळ धरून, बोटाला गुंडाळून झटक्यात ओढले की मूळ शाबूत येतं. प्रत्येक झुबका उजेडात धरून बघा. गाठ दिसली नाही तर तो बाजूला टाका. शिंगराची आयाळ मऊ असते, केस मधेच तुटतात, त्यामुळे त्याचे शेपटीचेच घ्या. खराऱ्यात अडकलेले केस कधीही पाठवू नका: ते गळलेले असतात, शिवाय एकाच खराऱ्यात दोन-तीन घोड्यांचे केस निघतात. चिकटपट्टी मुळांवर लावू नका, दुसऱ्या टोकाला लावा. केस कोरडे हवेत आणि पाकीट कागदी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो.

पाकिटावर नाव आणि मायक्रोचिपचा नंबर केस उपटण्याआधीच लिहा. शेजारी बांधलेल्या दोन करड्या घोड्यांची पाकिटं बदलली, तर अहवाल अचूक येतो, पण भलत्याच घोड्याचा!

अरबी पॅनेलमध्ये, म्हणजे अरबी घोड्यांसाठीच्या चाचण्यांच्या संचात, साधारणपणे चार आनुवंशिक दोष तपासतात. एससीआयडीमध्ये (सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी) शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते. यातली फसगत अशी की चिकाच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांवर ते पहिले काही आठवडे ठणठणीत दिसतं, मग न्यूमोनिया होतो, आणि सहसा पाच-सहा महिन्यांच्या आत ते दगावतं. याचं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) 1997 मध्ये सापडलं. सीए (सेरेबेलर अबायोट्रॉफी) हा मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा दोष: मान थरथरते, चालताना पाय वाजवीपेक्षा उंच पडतात, डोळ्यासमोर हात नेला तरी पापणी मिटत नाही. बहुतेकांत लक्षणं जन्मानंतर सहा आठवडे ते चार महिन्यांत दिसतात आणि ‘डोक्याला मार लागला असेल’ असं समजून विषय तिथेच सोडला जातो. एलएफएसचं (लॅव्हेंडर फोल सिंड्रोम) शिंगरू फिकट, जांभळट-चंदेरी रंगाचं जन्मतं आणि उभंच राहू शकत नाही. ईजिप्शियन वंशात हा दोष जास्त. ओएएएम1 मध्ये (ऑक्सिपिटोअ‍ॅटलँटोअ‍ॅक्सिअल मालफॉर्मेशन) कवटी आणि मानेचे पहिले मणके यांची घडण बिघडते, मज्जारज्जू दाबला जातो. एक ध्यानात घ्या: ओएएएम1 ची चाचणी एकच ठरावीक बदल शोधते. अशीच व्यंगं इतर कारणांनीही होतात, तेव्हा ‘निर्दोष’ निकालाचा अर्थ तेवढ्यापुरताच घ्यायचा.

चारही दोष अप्रभावी आहेत, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच शिंगरू आजारी होतं, आणि अहवाल वाचताना खरी चूक इथेच होते. ‘एन/एससीआयडी’ म्हणजे एक प्रत निर्दोष (एन) आणि एक सदोष: असा घोडा वाहक, आजारी नव्हे. तो आयुष्यभर धडधाकट राहतो, म्हणून नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. वाहक घोडी निर्दोष नराकडे नेली तर एकही शिंगरू आजारी निघणार नाही, मात्र निम्मी वाहक निघण्याची शक्यता. त्याच दोषाचे दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक वेतात आजारी शिंगराचा 25 टक्के धोका. आधीची तीन शिंगरं चांगली निघाली म्हणून चौथ्याचा धोका रतीभरही कमी होत नाही. चांगल्या वंशाची वाहक घोडी पैदाशीतून काढून टाकणं आम्हाला अजिबात पटत नाही, जोडी बदला. त्यासाठी अहवाल नर ठरवण्याआधी हातात हवा, कारण घोडी गाभण राहिल्यावर तो धोका सांगतो, टाळत नाही.

विकताना अहवालाच्या पूर्ण पानाची प्रत द्या, ‘टेस्ट केलेली आहे’ एवढं तोंडी पुरत नाही. घेणाऱ्यानं अहवालावरचा चिप नंबर घोड्याच्या मानेवर स्कॅनर धरून जुळवावा. दोन्ही पालक निर्दोष असतील आणि पालकत्व डीएनएनं सिद्ध झालेलं असेल, तर शिंगराची या चार दोषांसाठी वेगळी चाचणी लागत नाही. पालकत्व नुसतं नोंदवहीत लिहिलेलं असेल, तर मात्र शिंगराचे केस पाठवाच.