ग्रेव्हीचा जग, म्हणजे तर्री काढून टाकायचं यंत्र

गेली सहा वर्षं थँक्सगिव्हिंगची, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सणाची, टर्की आमच्याकडे असते. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, शेजारी एक वयस्कर जोडपं आहे, त्यांची मुलं लांब, एका वर्षी सहज "या जेवायला" म्हटलं आणि तेव्हापासून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आमच्या नावावर लागला तो लागलाच. टर्की भाजणं काही अवघड नाही, मांडीत थर्मामीटर खुपसायचा, १६५ फॅरनहाइट दिसलं की बाहेर. खरी गोची ग्रेव्हीची. टर्कीचं छातीचं मांस मुळात कोरडं, ग्रेव्ही चांगली नसली की घशाखाली उतरत नाही आणि मग सगळे नुसते मॅश्ड पोटॅटो खात बसतात. पहिली दोन वर्षं मी बाटलीतली ग्रेव्ही गरम करून ठेवली, मीठच मीठ आणि वर खळीसारखा चिकटपणा. शेजारच्या आजोबांनी एक चमचा घेतला आणि बोट हळूच पुढे सरकवली. बोट म्हणजे ग्रेव्ही वाढायचं ते होडीसारखं भांडं, हाताचं बोट नाही.

तर हा रिव्ह्यू त्या ग्रेव्हीसाठी घेतलेल्या फॅट सेपरेटरचा आहे. दिसायला चहाच्या किटलीसारखा पारदर्शक जग, फक्त तोटी वरून न निघता बुडापासून निघते. टर्की भाजताना ट्रेमध्ये जो रस सुटतो तो यात ओतायचा, पाच-दहा मिनिटं शांत ठेवायचा, चरबी हलकी म्हणून वर येते, रस खाली राहतो, आणि तोटी खालून असल्यामुळे ओतताना आधी रसच बाहेर येतो. चरबीची रेघ तोटीच्या भोकाजवळ आली की थांबायचं. संपलं. यात मोटर नाही, बटण नाही, बिघडण्यासारखं काही नाही. (असं मला वाटलं होतं.)

कारण माझा पहिला जग हा नव्हता. पहिला ऑनलाइन घेतला, ऑक्टोबरच्या सेलमध्ये, कंपनीचं नाव नको. त्याला तोटीच नव्हती, बुडाला रबरी बूच आणि हँडलला खटका, खटका दाबला की बूच उचलतं आणि रस सरळ खाली. कल्पना झकास, चरबीची शेवटची रेघसुद्धा अडवता येते. पण गरम रस ओतला, रबर मऊ पडलं की काय कोण जाणे, मी टर्की कापायला वळलो आणि मागे वळून बघतोय तर काउंटरवर ओघळ, ओघळावरून ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरमध्ये बायकोचे चांगले नॅपकिन. चार तास भाजलेल्या पक्ष्याचा अर्क नॅपकिननी प्यायला. परत करायला गेलो तर मुदत संपलेली, कारण सेलमध्ये घेतलेला आणि वापरला दीड महिन्यानी. साहजिक आहे हो, ही वस्तू वर्षातून एकदा वापरतात, मग पाण्यानी तरी तपासून बघायला हवी होती ही माझी चूक. तुम्ही कुठलाही घ्या, घरी आणल्या दिवशी उकळतं पाणी भरून पंधरा मिनिटं ताटात ठेवून बघा.

आत्ताचा तोटीवाला आहे, चार कपांचा, वीस डॉलरच्या आत मिळाला, तीन थँक्सगिव्हिंग झाल्या. झाकणाला गाळणी आहे त्यामुळे कांद्याचे नि गाजराचे तुकडे वरच अडकतात. सोबत तोटीत घालायचं एक छोटं बूच येतं, ते फालतू समजून टाकून देऊ नका. जगमध्ये रस ओतताना ते तोटीत नसेल तर रसाबरोबर चरबी आधी तोटीतच चढून बसते आणि पहिली धार तेलाची. दोन कपांचा घेऊच नका, चौदा पौंडाच्या टर्कीचा रस आणि त्यात ट्रे धुवून काढलेलं पाणी, मावत नाही.

ट्रे धुवून म्हणजे काय, तर बुडाला जे तपकिरी धरलेलं असतं ना, खरवड म्हणू या, त्यातच सगळी चव. दुधाच्या पातेल्याची खरवड कुणाला मिळणार यावरून आम्ही भावंडं भांडायचो, इथं लोक ती ट्रेसकट सिंकमध्ये टाकतात. ट्रे दोन बर्नरवर आडवा ठेवायचा, कपभर स्टॉक ओतायचा आणि लाकडी उलथन्यानी खरवडायचं, मग हे सगळं जगमध्ये. स्टॉक आदल्या दिवशीच करून ठेवतो, टर्कीच्या पोटात एक पिशवी असते त्यात मान, हृदय, पेटा आणि यकृत, यकृत सोडून बाकीचं कांदा-गाजर-सेलरीबरोबर दोन-तीन तास मंद उकळायचं. यकृतानी स्टॉक कडवट होतो. पहिल्या वर्षी ती पिशवी आतच विसरलो होतो आणि पिशवीसकट पक्षी भाजला, कागदाची होती म्हणून वाचलो. अशा लोकांसाठी बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीची चक्क टर्की हेल्पलाइन आहे, १९८१ पासून चालू. आईला सांगितलं तर ती म्हणाली, कोंबडी शिजवायला फोन?

आई मागच्या वर्षी इथं होती, आणि या जगचा सगळ्यात कडक रिव्ह्यू तिनी दिला. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे रश्श्यावर लाल तर्री तरंगली नाही तर पाहुणे मनात काहीतरी म्हणतात. मी जग उजेडात धरून चरबी वर यायची वाट बघतोय, ती शेजारी येऊन उभी राहिली. "आरं, तर्रीच काढून टाकालायस की! मग खाली ऱ्हायलं काय?" मी म्हटलं, आई, टाकत नाही, परत घालायचीय, मोजून. तिचा विश्वास बसेना.

पण पुढचं काम मात्र तिनीच हातात घेतलं. वरची चरबी चार टेबलस्पून आणि मैदा तेवढाच, मंद आचेवर. मी घड्याळ बघत होतो, तिनी नाक लावलं. बेसन भाजताना जसा कच्चा वास जाऊन खमंग येतो तसाच मैद्याचा येतो, थोडा बिस्किटासारखा, रंग फिक्कट बदामी. मग जगमधला रस आणि उरलेला स्टॉक मिळून तीन कप, गरमच, एकदम नाही, आधी पळीभर, घोटून गुठळ्या मोडायच्या, मग पुढची पळी. व्हिस्क तिला आवडली नाही, रवी का आणली नाहीस म्हणून ऐकून घ्यावं लागलं. दहा मिनिटं खदखदू दिलं की पिठाची चव जाते. पातळच उतरवा, टेबलावर गार होता होता घट्ट होते, आमची एका वर्षी चमच्यासकट उभी राहिली होती. आणि मीठ अगदी शेवटी, कारण बऱ्याच टर्कीत मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, लेबलवर बारीक अक्षरात लिहितात, रस मुळातच खारट निघतो.

शेजारच्या आजी बोलत नाहीत फारशा. त्या दिवशी ब्रेडरोलनी ताट पुसून खाल्लं. आईनी चाखून "बरं आहे, तिखट नाही" म्हटलं आणि वरून कांदालसूण मसाला भुरभुरवून घेतला, तेही वाईट लागलं नाही खरं सांगायचं तर.

आता तक्रार. धुणं. तोटीच्या आत बुडाशी एक वळण आहे तिथं चरबी गार होऊन मेणासारखी बसते, बाटलीचा बारीक ब्रश लागतोच, डिशवॉशरच्या भरवशावर राहिलात तर पुढच्या नोव्हेंबरात खवट वासानी स्वागत होईल. शिवाय आकडे बाहेरून छापलेत ते पुसट व्हायला लागलेत. म्हणून पाचपैकी चार. उरलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, बरणीत भरून फ्रीजला ठेवा. आईनी दुसऱ्या दिवशी त्यात बटाट्याच्या काचऱ्या केल्या, मुलींनी ताटली चाटली.

त्यानंतर रविवारी मी मटण केलं, जग अजून ओट्यावरच वाळत होता. रस्सा उकळायला लागल्यावर आई आली, एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा जगकडे, आणि काही न बोलता स्टूल ओढून तो सगळ्यात वरच्या कपाटात, आतल्या बाजूला ठेवून दिला.