जीएमआरटीचा डेटा कुठे सोडवावा? स्वतःचे वर्कस्टेशन, संस्थेचा क्लस्टर आणि क्लाउड यांचा तुलनात्मक आढावा

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर मंजूर झालेले आठ तासांचे निरीक्षण पार पडते आणि डेटा उतरवून घेण्याची मुभा मिळते, तेव्हा संशोधक विद्यार्थ्याची पहिली शोधाशोध बहुधा मोकळ्या डिस्कसाठी सुरू होते. त्यानंतर जलद संगणकाचा शोध सुरू होतो आणि अशा वेळी 'क्लाउडवर (कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर) टाकून बघ' असे सुचवणारा कोणीतरी भेटतोच. हा सल्ला काही कामांना चपखल लागू पडतो, तर काही कामांत तो पैसे आणि वेळ दोन्ही खातो. पुढील तुलना एखाद-दुसऱ्या निरीक्षणावर प्रबंधाचे प्रकरण उभे करणारा विद्यार्थी आणि छोट्या अनुदानावर काम करणारा महाविद्यालयीन प्राध्यापक यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी आकारमान पाहू. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपासून ४३५ जोड्या, म्हणजेच बेसलाइन, तयार होतात. प्रत्येक बेसलाइनसाठी दोन ध्रुवीकरणे आणि ४०९६ चॅनेल, म्हणजे वारंवारतेचे बारीक कप्पे, ठेवले, दर २.७ सेकंदांनी एक नोंद घेतली आणि प्रत्येक संमिश्र संख्येला ८ बाइट धरले, तर तासाला सुमारे ३८ जीबी आणि आठ तासांत ३०० जीबीच्या आसपास डेटा जमा होतो. कासा या रेडिओ डेटावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ, प्रतिमान आणि दुरुस्त असे तीन स्तंभ तयार झाले की हाच संच ९०० जीबीपर्यंत फुगतो. मधल्या टप्प्यांत वेगळे काढलेले संच, फ्लॅगच्या (वाईट डेटावर केलेल्या खुणांच्या) प्रती आणि प्रत्येक फेरीतील प्रतिमा यांची त्यात भर पडली, की दोन टीबीची डिस्कसुद्धा ऐसपैस वाटत नाही. संगणक निवडताना प्रोसेसरच्या गाभ्यांची (कोअरची) संख्या सर्वांत आधी विचारली जाते. माझ्या मते ही तात्पुरती जागा किती आहे आणि ती किती वेगाने वाचता-लिहिता येते, हे त्याआधी विचारायला हवे.

दुसरा प्रश्न असा, की आपले काम किती स्वतंत्र तुकड्यांत फुटते. रेडिओ डेटावरील कामे या बाबतीत फार वेगवेगळ्या स्वभावाची आहेत. हायड्रोजनच्या २१ सेंमी रेषेचा घन तयार करताना प्रत्येक चॅनेलची प्रतिमा स्वतंत्रपणे काढता येते. पल्सारच्या, म्हणजे नियमित स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधात विक्षेपणाच्या (वारंवारतेनुसार संकेताला होणाऱ्या उशिराच्या) शेकडो अंदाजी किमती एकेक करून तपासायच्या असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. ह्युब इंटेमा यांच्या स्पॅम या डेटा-प्रक्रिया प्रणालीत विस्तृत वारंवारता-पट्ट्याचे काही उपपट्टे पाडून प्रत्येकावर स्वतंत्र प्रक्रिया चालवता येते. याउलट सेल्फ-कॅलिब्रेशनची, म्हणजे आलेल्या प्रतिमेच्याच आधारे डेटा पुन्हा दुरुस्त करण्याची, तिसरी फेरी दुसऱ्या फेरीतील प्रतिमा तयार झाल्याशिवाय सुरू होऊ शकत नाही. समजा, एकूण दहा तासांच्या कामातील चार तास असे क्रमाने चालणारे आहेत. उरलेले सहा तास आठ यंत्रांवर वाटले तर काम पावणेपाच तासांत संपते. सोळा यंत्रांवर वाटले तर आणखी जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे वाचतात. सगळी यंत्रे शेवटपर्यंत चालू ठेवली, तर त्या बावीस मिनिटांसाठी ३८ यंत्र-तासांऐवजी ७० यंत्र-तासांचे भाडे भरावे लागते.

स्वतःचे वर्कस्टेशन

एकाच स्रोताच्या अखंड प्रतिमेसाठी (सगळे चॅनेल एकत्र करून काढलेल्या प्रतिमेसाठी) वर्कस्टेशन अजूनही उत्तम आहे आणि नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. बिघडलेली अँटेना ओळखणे, कॅलिब्रेटरच्या (ज्ञात संदर्भ-स्रोताच्या) आलेखावरून व्यत्यय हेरणे आणि फ्लॅग करून पुन्हा आलेख पाहणे, हे काम डोळ्यांनी व्हावे लागते आणि ते करताना संगणकाचा बहुतेक वेळ आपली वाट पाहण्यात जातो. अशा वेळी भाड्याचे मीटर चालू नसणे फार मोलाचे असते. १२८ जीबी स्मृती, कामासाठी चार टीबीची वेगवान एसएसडी आणि साठवणीसाठी वेगळी मोठी डिस्क एवढी तजवीज असेल, तर वर वर्णन केलेले एक निरीक्षण आरामात हाताळता येते. मर्यादा उघड आहे: एका वेळी एकच मोठे काम चालते आणि मध्यरात्री वीज गेली की यूपीएसच्या भरवशावर राहावे लागते.

संस्थेचा क्लस्टर

संस्थेचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा संच, वापरायला मिळत असेल, तर शुद्ध खर्चाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक पुण्यात जीएमआरटीच्या संशोधनासाठी दिलेला आहे; आयसर पुणे येथे परम ब्रह्म आहे. मात्र क्लस्टरवर काम म्हणजे रांग. कामाला वेळेची मर्यादा असते, तात्पुरत्या जागेतील फायली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात आणि सॉफ्टवेअर स्वतःच्या मर्जीने बसवता येत नाही. कासा किंवा डब्ल्यूएसक्लीन या प्रतिमा काढणाऱ्या सॉफ्टवेअरची हवी ती आवृत्ती कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सर्व गोष्टींसह बांधलेल्या गाठोड्यात) बांधून नेली तर शेवटची अडचण बरीचशी सुटते, परंतु शेकडो वापरकर्त्यांच्या सामायिक फाइल प्रणालीवर मेजरमेंट सेट (कासा वापरतो तो डेटासंच) उघडला की वेग का मंदावतो, हे अनुभवानेच कळते. हा संच म्हणजे एक फाइल नसून अनेक तक्त्यांची निर्देशिका असते आणि प्रक्रिया तिच्यात सतत पुढे-मागे उड्या मारत वाचत असते. सामायिक डिस्कला ही सवय मुळीच मानवत नाही.

क्लाउड

क्लाउडवरील रेडिओ प्रक्रिया ही आता प्रयोगाची गोष्ट राहिलेली नाही. २०१५ मध्ये स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पाने ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या सहकार्याने संशोधकांना क्लाउडवरील संगणनवेळ देण्याची योजना जाहीर केली होती. न्यू मेक्सिकोतील व्हीएलए दुर्बिणीच्या चाइल्स या अतिखोल हायड्रोजन सर्वेक्षणासाठी एक मध्यम क्लस्टर, एक महासंगणक आणि ॲमेझॉनचा क्लाउड यांची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महासंगणक आणि क्लाउड या दोन्हींवर प्रतिमा काढण्याची संपूर्ण प्रक्रिया तडीस गेली. लोफार या युरोपातील रेडिओ दुर्बिणीच्या डेटाबाबत होसे साबातेर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये काढलेला निष्कर्ष आपल्यासारख्या वाचकाला अधिक उपयोगी आहे. पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या, केवळ लोफारला वाहिलेल्या मोठ्या क्लस्टरपेक्षा क्लाउड महाग पडतो. पण संचांची संख्या फार नसेल किंवा अशी यंत्रणा सांभाळण्याचा खर्च वाढत असेल, तर क्लाउड स्पर्धेत टिकतो, असे त्यांना दिसले. पुरेशी तात्पुरती साठवण ही कळीची बाब असल्याचेही त्यांनी नोंदवले आहे.

साठवणीचे क्लाउडवर तीन प्रकार भेटतात आणि बहुतेक चुका येथेच होतात. ऑब्जेक्ट स्टोरेज (फायली नेटवर्कवरून ठेवण्या-काढण्याची साठवण) स्वस्त असते, पण कासा त्यावर थेट काम करत नाही; संच आधी यंत्राच्या डिस्कवर उतरवावा लागतो. यंत्राला जोडलेली स्थानिक एनव्हीएमई डिस्क सर्वांत वेगवान असते, मात्र यंत्र थांबवले की तिच्यावरील मजकूर गेला. नेटवर्कवरून जोडली जाणारी ब्लॉक डिस्क मजकूर टिकवते, परंतु यंत्र बंद असतानाही तिचे भाडे चालूच राहते. मी एकदा यंत्र थांबवून निश्चिंत झालो आणि दोन टीबीची अशी डिस्क तीन आठवडे तशीच राहिली. महिन्याच्या बिलात प्रत्यक्ष गणनेपेक्षा त्या निजलेल्या डिस्कचा आकडा मोठा होता. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून खर्चमर्यादेची सूचना लावल्याशिवाय मी पहिले यंत्रही सुरू करत नाही.

जाहिरातीतील गाभ्यांची संख्याही नीट वाचावी लागते. क्लाउडवरील नेहमीच्या एक्स-८६ यंत्रांत एक व्हीसीपीयू म्हणजे बहुधा गाभ्याचा एक धागा असतो, त्यामुळे ३२ व्हीसीपीयूंचे यंत्र प्रत्यक्षात १६ गाभ्यांचे निघते. भाडे वाचवण्यासाठी स्पॉट यंत्रे, म्हणजे कंपनीकडे रिकामी पडलेली यंत्रे, घेता येतात. ती पुष्कळ स्वस्त पडतात, परंतु गरज भासली की कंपनी ती परत घेते आणि ॲमेझॉनवर त्याआधी केवळ दोन मिनिटांची सूचना मिळते. चॅनेलनिहाय तुकडे पाडलेल्या कामात एखादा तुकडा वाया गेला तरी तो पुन्हा चालवता येतो, म्हणून तेथे स्पॉट खुशाल वापरावे. चौदा तास अखंड चालणाऱ्या एका प्रतिमेसाठी मात्र हा जुगार टाळावा.

डेटा वर चढवणे आणि खाली आणणे हाही हिशेबाचाच भाग आहे. १०० एमबीपीएसचा जोड पूर्ण वेगाने मिळाला, असे धरले तरी ३०० जीबी चढवायला सुमारे पावणेसात तास लागतात आणि महाविद्यालयातील जोडणी दिवसा तेवढा वेग क्वचितच देते. मोठ्या कंपन्या डेटा आत घ्यायला सहसा पैसे आकारत नाहीत, बाहेर काढायला प्रति जीबी आकारतात. त्यामुळे कॅलिब्रेट केलेला संपूर्ण संच परत आणण्याचा हट्ट सोडून अंतिम प्रतिमा, कॅलिब्रेशनचे तक्ते, फ्लॅग आणि लॉग एवढेच खाली उतरवावे. मूळ डेटा जीएमआरटीच्या ऑनलाइन संग्रहात असतोच. मुंबई, पुणे आणि हैदराबाद परिसरात मोठ्या कंपन्यांची केंद्रे असल्याने अंतराचा त्रास उरलेला नाही.

एक अडचण शास्त्रीय नसली तरी खरी आहे. अनुदानातून यंत्र विकत घेणे लेखा विभागाला समजते: दरपत्रके, खरेदी आदेश, नोंदवहीत नोंद. दरमहा बदलणारे आणि जीएसटीसह येणारे क्लाउडचे बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, याचा निर्णय अनेक ठिकाणी कामापेक्षा जास्त वेळ घेतो. अनुदानाच्या प्रस्तावातच संगणन सेवेसाठी वेगळी रक्कम दाखवली असेल, तर हा प्रश्न सुटतो. नसेल, तर वर्षाच्या मध्यात तो उकरून काढण्याआधी दोनदा विचार करावा.

आता निवडीकडे वळू. एक-दोन स्रोत, अखंड प्रतिमा आणि हाताशी वर्ष-दीड वर्ष असेल, तर वर्कस्टेशन घ्यावे आणि क्लाउडचा नाद सोडावा. वर्षानुवर्षे सतत डेटा येणार असेल आणि संस्थेत क्लस्टर असेल, तर रांगेचा कंटाळा गिळून तेथेच बस्तान बसवावे. क्लाउडची बाजू खरोखर भक्कम होते ती तिसऱ्या परिस्थितीत: संग्रहातील चाळीस-पन्नास जुनी निरीक्षणे एकाच ठरलेल्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करायची आहेत, शोधनिबंधाच्या परीक्षकाने दिलेली मुदत जवळ आली आहे आणि त्यानंतर वर्षभर एवढ्या यंत्रांची गरज पडणार नाही. पाच हजारांहून अधिक दिशांचा समावेश असलेल्या जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणासारखे काम स्वभावतः या जातीचे आहे. प्रत्येक दिशा वेगळी आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. अशा कामाला पन्नास यंत्रे एका दिवसासाठी लावली काय किंवा एक यंत्र पन्नास दिवस लावले काय, गणनेचे भाडे जवळपास सारखेच येते.

मिश्र मार्गही आहे आणि मी सध्या तोच वापरतो. फ्लॅगिंग आणि पहिले कॅलिब्रेशन वर्कस्टेशनवर करायचे, चॅनेलची सरासरी घेऊन संच शक्य तेवढा आटोपशीर करायचा आणि फक्त जड इमेजिंगसाठी तो वर पाठवायचा. अखंड प्रतिमेच्या कामात चार चॅनेलांची सरासरी घेतली की ३०० जीबीचे ७५ जीबी होतात. मात्र क्षेत्र विस्तृत असेल, तर सरासरीमुळे कडेचे स्रोत पुसट होणार नाहीत ना, हे आधी तपासावे आणि रेषेच्या कामात तर हा उपाय करूच नये.

हे ठरवण्यापूर्वी एकच उपपट्टा घेऊन तो वर्कस्टेशनवर आणि क्लाउडच्या एका यंत्रावर त्याच कंटेनरमध्ये चालवून पाहावा. लागलेला वेळ, वापरलेली कमाल स्मृती, डिस्कवरील सर्वाधिक जागा आणि आलेले बिल हे चार आकडे वहीत लिहावेत आणि त्यांना उपपट्ट्यांच्या व निरीक्षणांच्या संख्येने गुणावे. स्मृती आणि जागा यांना मात्र एका वेळी एकत्र चालणाऱ्या कामांच्या संख्येनेच गुणायचे, हे विसरू नये.