नुसती क्लच प्लेट की पूर्ण सेट? जुन्या गाडीला काय टाकावं

जुन्या गाडीचा क्लच गेला की मिस्त्री पहिल्यांदा हेच विचारतो: नुसती प्लेट टाकू, की सेट टाकू? आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेले आहेत. धाकट्या भावाच्या अल्टोला नुसती क्लच प्लेट बदलली. नंतर माझ्या अल्टोची वेळ आली तेव्हा मी प्लेट (अस्तर लावलेली घासणारी चकती), प्रेशर प्लेट (ती चकती इंजिनाच्या फिरत्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेट ढकलून चकती मोकळी करणारं) असा पूर्ण सेट टाकला. दोन्ही गाड्या जुन्या, ८०० सीसीच्या, वायरवर चालणाऱ्या क्लचच्या, आणि दोन्ही माझ्या हातात असतात. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते यंत्रावर मोजलेलं नाही, पायाला आणि कानाला जाणवलेलं आहे.

पण गिअरबॉक्स उतरवायला सांगण्याआधी खरंच आतलं काही गेलंय का, ते बघून घ्या.

क्लच घसरत असेल तर तो चढाला पकडता येतो. आमच्या कोल्हापूरहून निघून वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागलात, तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र आहे तेवढाच राहिला, तर शंका घ्यायला जागा आहे. खात्रीसाठी मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. चांगला क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन तसंच सुरू राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच घ्या, कारण पुन्हा पुन्हा केली तर उरलेलं अस्तरही जळतं.

मात्र घसरणारा प्रत्येक क्लच संपलेला नसतो. प्लेटचं अस्तर झिजत जातं तशी प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि पेडलची मोकळीक कमी होत जाते. वेळच्या वेळी वायर सैल करून दिली नाही, तर बेअरिंग त्या बोटांना कायम दाबून धरतं. मग पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. म्हणून आधी पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला थोडं अंतर ते अगदी हलकं जायला हवं. तसं जात नसेल तर गिअरबॉक्सजवळचा वायरचा नट फिरवून घ्या. कधी कधी काम तेवढ्यावर भागतं.

उलट लक्षण असेल, म्हणजे पहिला गिअर पडत नाही आणि रिव्हर्स करकरतो, तर आधी वायरकडे बघा. ती ताणलेली असते किंवा तिचे धागे तुटायला लागलेले असतात. वायर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर घरघर थांबत असेल तर बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचं बेअरिंग, आणि ते कुठलाही क्लच सेट टाकून जाणार नाही.

एवढं सगळं बघूनही गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला, तर आता खरा प्रश्न.

नुसत्या प्लेटच्या बाजूने एकच मुद्दा आहे, पण तो मोठा आहे: पैसे. तीन भागांच्या जागी एक भाग येतो आणि जुन्या गाडीवर किती खर्च करायचा हा हिशोब प्रत्येक घरात होतोच. भावाच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "दादा, प्रेशर प्लेट बरी आहे, प्लेट टाकतो, अजून वर्ष-दोन वर्षं निघंल." त्यात खोटं काही नव्हतं. घसरणं पूर्ण थांबलं, ओढ परत आली आणि गाडी आजही चालते.

पण मजुरी दोन्हीकडे सारखीच आहे, हे विसरू नका. एक्सल काढायचे, गिअर ऑइल सोडायचं, गिअरबॉक्स खाली घ्यायचा, परत चढवायचा. हे सगळं एका प्लेटसाठीही करावं लागतं आणि तीन भागांसाठीही. म्हणजे वाचतात ते फक्त दोन भागांचे पैसे. उद्या बेअरिंग बोंबलायला लागलं तर हीच सगळी मजुरी पुन्हा.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी सेटकडे वळलो ती सांगतो: थरथर.

भावाची गाडी सपाट रस्त्यावर एकदम व्यवस्थित. पण चढाला थांबून पहिल्या गिअरमध्ये उचलताना, क्लच पकडायला लागतो नेमक्या त्या क्षणी, अख्खी गाडी हादरते. डॅशबोर्डचं झाकण खडखडतं, आरसा थरथरतो, मग क्लच पूर्ण सुटला की सगळं शांत. केर्लीवरून जोतिबाला चढताना पुढची गाडी थांबली की आपल्यालाही थांबावं लागतं, आणि प्रत्येक वेळी उचलताना हाच प्रकार. आई शेजारी बसलेली असली की दांडी घट्ट धरते आणि विचारते, "ही अशी का थरथरतीया रं?" गाडी बंद पडत नाही, वाटेत सोडत नाही, पण चढाला उचलताना दर वेळी मनात धाकधूक असते. मला हे फार लागलं. गाडीत बसलेल्या माणसाला भीती वाटू नये, एवढी तरी अपेक्षा जुन्या गाडीकडूनही असते.

थरथरीची कारणं आणखीही असतात. इंजिनाचे माउंटिंग रबर बसलेले असले तर गाडी अशीच हादरते, आणि प्लेटवर ऑइल आलं तरी. भावाच्या गाडीचे रबर तपासले, चांगले निघाले. ऑइलची गळती कुठे दिसत नव्हती. मग उरली ती जुनी प्रेशर प्लेट आणि जुनं फ्लायव्हील.

त्यांचं काय झालेलं असतं ते मला माझ्या गाडीचं काम चालू असताना दिसलं. मिस्त्रीने काढलेली प्रेशर प्लेट उजेडात धरली. घासणाऱ्या पृष्ठभागावर रुपयाएवढे निळे-जांभळे डाग होते, तिथे लोखंड तापून कडक झालेलं. त्यावर केसासारख्या बारीक चिरा. कडेपासून आतपर्यंत नख फिरवलं तर मधे खोलगट लागत होतं. आणि मधल्या बोटांच्या टोकांना, जिथे बेअरिंग टेकतं, चकचकीत खाच पडलेली. खोलगट झालेल्या सहाणेवर चंदनाचं नवं सपाट खोड घासलं तर ते आधी कडेलाच टेकतं. नव्या प्लेटचं जुन्या प्रेशर प्लेटवर तेच होतं. सगळीकडे एकदम पकड येत नाही, तुकड्या-तुकड्याने येते, आणि तीच थरथर म्हणून जाणवते.

आपल्याकडे हे डाग लवकर पडतात, असं मला तरी वाटतं. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे आपण रांगेत सरकत असतो, अर्धा क्लच दाबून. प्लेट सतत घासते, उष्णता वाढते आणि ती प्लेटइतकीच प्रेशर प्लेटलाही भोगावी लागते. म्हणून प्लेट संपली पण प्रेशर प्लेट अगदी नवीसारखी आहे, असं कोल्हापुरात चालणाऱ्या जुन्या गाडीबद्दल कुणी सांगितलं, तर ती हातात घेऊन बघितल्याशिवाय मी मान्य करणार नाही.

सेटच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मान्य करायला हवी. नुसता सेट टाकला आणि फ्लायव्हील तसंच ठेवलं, तर थरथर राहू शकते. माझ्या गाडीचं फ्लायव्हील काढून उद्यमनगरात लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून आणलं. अगदी हलका हात, डाग जातील तेवढाच, कारण जास्त घेतलं तर क्लचची सगळी मापं बिघडतात. कोल्हापुरात ही सोय हाताशी आहे, तिचा फायदा घ्या. फ्लायव्हील निघालेलंच असतं, तेव्हा त्याच्या मागचं क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) ऑइल सीलही बदलून टाका. ते गळलं तर नवी प्लेट ऑइलने भिजते आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

माझी गाडी आता चढाला लोण्यासारखी उचलते, पेडलही हलकं झालंय. यातलं किती श्रेय प्रेशर प्लेटचं आणि किती फ्लायव्हीलचं, याची वाटणी मी करत बसत नाही. दोन्ही एकत्रच करावं, असं माझं मत झालंय.

जुन्या प्लेटला नवं अस्तर रिव्हेट करून घेण्याचा तिसरा मार्गही सुचवला जातो. ट्रॅक्टर-ट्रकला ते चालत असेल. छोट्या कारला नवी प्लेट सहज मिळत असताना, आणि जुन्या प्लेटच्या मधल्या स्प्रिंगाही थकलेल्या असताना, मी त्या वाटेला जाणार नाही.

नुसती प्लेट कुणी टाकावी? सेट टाकून फार दिवस झालेले नाहीत आणि सील गळून फक्त प्लेट खराब झाली, तर जरूर. गाडी थोड्याच महिन्यांत विकायची आहे आणि राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच फिरणं आहे, तरीही चालेल. पण तेव्हाही निदान रिलीज बेअरिंग नवं टाका. घाटात जाणार असाल, गगनबावड्याहून कोकणात उतरणार असाल, घरात वयस्कर माणसं असतील, तर सेटच घ्या.

सेट घेताना तिन्ही भाग एकाच डब्यातले, एकाच कंपनीचे असावेत. गाडीच्या कंपनीचा मूळ भाग किंवा लुक, व्हॅलिओ, एक्सेडी यांपैकी एखाद्या कंपनीचा, जे मिळेल ते, पण खात्रीच्या दुकानातून आणि पक्क्या बिलावर. गाडीचं साल आणि मॉडेल सांगा आणि जुनी प्लेट सोबत न्या, म्हणजे व्यास आणि मधले दाते जुळवून बघता येतात. काम चालू असताना शक्य असेल तर तिथे थांबा. आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, कारण जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ मिस्त्रीच्या आणि त्याच्या पोऱ्याच्या छातीत जाते. प्लेट ज्यावर बसते त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस नखभरच लावायचं, जास्त झालं तर ते फिरताना उडून प्लेटवर येतं. नवा क्लच बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी हळुवार चालवा आणि नंतर एकदा वायरची मोकळीक पुन्हा तपासून घ्या, कारण अस्तर बसलं की ती बदलते.